टेलची विज्ञानकथा

"मराठी शिकलीस ना? मग संपादक तूच," असं म्हणत कर्जतच्या आमच्या ग्रंथपाल काकांनी हस्तलिखित अंकासाठी आलेल्या विज्ञानकथांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच सुटलेला. गठ्ठ्यात रेहेकुरीच्या काळविटांची भाषा उलगडणारं यंत्र होतं, मंगळावरची ज्वारी होती, पानभर समीकरणं होती. एक कथा माझीही होती. निवडायचं कसं? आणि स्वतःच्या कथेचा निवाडा करायचा कुणी?

काकांनी बाळ फोंडके यांनी संपादित केलेलं 'इट हॅपन्ड टुमॉरो' काढून दिलं. नॅशनल बुक ट्रस्टच्या १९९३च्या या इंग्रजी संग्रहात भारतीय भाषांतल्या १९ विज्ञानकथा आहेत. जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर आहेत, तमिळचे सुजाता आहेत आणि खुद्द फोंडक्यांचीही कथा आहे! मला धीर आला. मग त्यांची वाटचाल वाचली. भाभा अणुसंशोधन केंद्रात संशोधन, 'सायन्स टुडे'चं संपादन, पुढे दिल्लीत सीएसआयआरच्या प्रकाशन विभागाचं संचालकपद, शिवाय मराठीत 'खिडकीलाही डोळे असतात'सारखी पुस्तकं. आलेला धीर पळाला. एवढं विज्ञान मी आणू कुठून?

त्यात अकरावीतल्या एका मुलाच्या कथेनं पेच टाकला. २०८० साली कुकडी कालव्याच्या पाण्याचं आवर्तन यंत्रमानव सोडतो. हिशेब चोख, वशिला बंद. तरी टेलची, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाची शेतं कोरडीच, कारण यंत्राला शिकवायला जुन्या नोंदी दिल्यात आणि त्यांत टेलला पाणी कधी पोचलेलंच नाही.

"यंत्रमानव चालतो कसा, ते नाही लिहिलंस?" मी विचारलं.

"ताई, कालवा कसा चालतो ते लिहिलंय की."

वाट दाखवली नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांपुढे मोठं नाव नव्हतं, फक्त कथा होती. आम्हीही सगळ्या कथा, माझ्यासकट, एकाच अक्षरात, नावांशिवाय उतरवून घेतल्या. वाचायला दिल्या विज्ञानाच्या एका सरांना आणि टेलला जमीन असलेल्या एका आबांना. सरांनी बघायचं, विज्ञान खोटं तर नाही ना. आबांनी सांगायचं, पुढं काय झालं ते वाचावंसं वाटतं का.

समीकरणांची कथा सरांनी पास केली. आबा दुसऱ्या पानावरच थांबले. मंगळावरच्या ज्वारीला तिथल्या विरळ हवेत पाणी टिकेल कसं, ते सरांनी विचारलं. ती दुरुस्तीला गेली. कुकडीची कथा वाचून दोघांचा वाद जुंपला, तेव्हाच ती अंकात पहिली लागणार हे मी ठरवलं.

माझ्या कथेवर सरांनी 'ठीक' लिहिलं होतं. आबांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "ह्यात माणूस कुठंय?"

कथा काढून घेतली. संपादकीय मात्र मलाच लिहायचंय, आणि ते आबांना आधी वाचायला देणार आहे.