माणगावचा पुतळा

शनिवारी धाटावला घरी होतो. रात्री परत एकदा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' लावला. ६ जून १९४४, नॉर्मंडी, अमेरिकन सैनिक... सगळं तोंडपाठ! बाबा म्हणाले, "माणगावात पुतळा कोणाचा आहे रे?" आपली दांडी गुल. मामाकडे जाताना शंभरदा पाहिलाय.

नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्री. ४ जूनला अमेरिकन रोममध्ये शिरले. १० जुलैला त्याच इटलीत घाडग्यांच्या तुकडीतले जवळपास सगळे मशीनगनने पडले. हे एकटे धावले, ग्रेनेड टाकला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक उलटी धरून लढले. मग स्नायपर. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

(माझं वय ३१, आणि मी डेडलाइनला रडतो.)

पिक्चर पॉजवरच राहिला. सकाळी बाबांना गाडीवर बसवून माणगाव गाठलं.