यंत्राचें सोंग

सोंगें माणसेंच करतात, अशी आमची समजूत होती. संगणकास जोडावयाच्या एका बोटभर मोडेमनें ती दूर केली. नरडाण्यास आगगाडी आहे, आग्ऱ्याचा हमरस्ताहि आहे. पण २०१३ सालीं आमच्या घरीं इंटरनेटची तार नव्हती, आणि शेजारच्या मुलीचा परीक्षेचा अर्ज त्या रात्रीं बारापूर्वीं जावयाचा होता. मोडेम खोंचला, दिवा लागला. पण आमची लिनक्स प्रणाली त्यास मोडेम म्हणून ओळखीना.

कर्नलची नोंदवही उघडली, तेव्हां उलगडा झाला. उपकरण हजर होतें, पण सीडीच्या वेषांत! विंडोजसाठीं लागणारी सामग्री अशा मोडेमच्या पोटांतच असते. ती बसवितां यावी म्हणून तें प्रथम सीडी बनून पुढें येतें; ती बसली कीं विंडोजकडून संकेत मिळून रूप पालटतें. लिनक्सवर हा संकेत ‘यूएसबी-मोडस्विच’ नांवाचा लहानसा प्रोग्राम देतो. तो आमच्याकडे नव्हता. तो आणावयास इंटरनेट हवें, आणि इंटरनेटसाठीं तो हवा! अखेर दुसऱ्या एका संगणकावरून तो पेनड्राइव्हवर आणला. सोंग उतरलें, ‘टीटीवाय-यूएसबी-०’ हें नांव झळकलें. एपीएन भरलें, ‘*९९#’ फिरविला, आणि अकरा वाजून गेल्यावर अर्ज गेला.

बनविणाराचा यांत दुष्टावा नाहीं. ग्राहक विंडोजवालाच असणार, एवढेंच त्यानें गृहीत धरलें. पण दूरच्या अशा गृहीतांनींच खेड्यांतल्या मुलीचें वर्ष बुडण्याची पाळी येते.