कवळीचे पाच हेलपाटे

पुणे

ती. मावशीस,

तुझा प्रश्न एका ओळीचा होता, कवळी डेंटल कॉलेजात करून घ्यावी का. पण त्याखाली तू दादाचं मत जोडलंस, त्यामुळे उत्तर लांबणार. दादा म्हणतो, तिथं शिकाऊ पोरं प्रयोग करतात, आणि आपल्याला काय पैसे कमी आहेत? खरा मुद्दा यातला दुसरा आहे, पहिला नुसता वरून घातलेला अंगरखा. डेंटल कॉलेज म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांनी जायची जागा, असं आपल्याकडे धरूनच चालतात. ज्याला परवडतं त्यानं तिथं जाणं म्हणजे एक तर चिकटपणा, नाही तर दुसऱ्याच्या ताटातलं ओढणं. मला हे पटत नाही. तिथं फुकट काहीच मिळत नाही. तिथला रुग्ण पुरेपूर किंमत मोजतो, फक्त नोटांत मोजत नाही. आपला वेळ देतो आणि आपलं तोंड शिकवणीला देतो. हा सौदा आहे. कवळीपुरता तरी तो चांगला सौदा आहे, पण सौदा आहे हे ओळखून जाणाऱ्यालाच तो लाभतो.

आधी त्या ‘प्रयोग’ शब्दाचं बघू. काय होईल ते माहीत नसताना करून पाहणं म्हणजे प्रयोग. कॉलेजात चालतो तो सराव, आणि तो तुझ्या तोंडापाशी येईपर्यंत बराच पुढे गेलेला असतो. बीडीएस चार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी ही मुलं मेणाच्या ठोकळ्यातून सुरीनं दाढा कोरतात, एकेक उंचवटा आणि खाच नीट उतरेपर्यंत. मग कुठल्या तरी डॉक्टरकडून काढलेल्या दातांची बाटली मागून आणतात आणि त्या दातांवर, नकली जबड्यांवर हात बसवतात. बोळक्या जबड्याच्या साच्यावर मेणात बत्तीशी लावायचं कामही माणूस समोर येण्याआधी पुन्हापुन्हा करून झालेलं असतं. खरा रुग्ण तिसऱ्या वर्षापासून, आणि तेव्हाही प्रत्येक टप्प्यावर स्टाफनं पाहून सही केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दादा म्हणेल, सही काय, घाईतही ठोकता येते. येते. एका शिक्षकाच्या वाट्याला एका वेळी किती खुर्च्या आहेत त्यावर त्या सहीचं वजन ठरतं, आणि ते सगळीकडे सारखं नसतं. पण दादाच्या नेहमीच्या एसी क्लिनिकमधले डॉक्टर कुठं शिकले, हेही त्यानं स्वतःला विचारावं. ते अशाच एका कॉलेजात, अशाच कुणाच्या तरी तोंडात शिकले. 1840 साली बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंत महाविद्यालय निघालं, आपल्याकडे 1920 साली कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी पहिलं काढलं, आणि दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा आला तो 1948 साली. त्याआधीही माणसं दात काढायला शिकतच होती, आणि तीही कुणाच्या तरी तोंडातच. फरक इतकाच पडला की शिकणाऱ्याच्या खांद्यामागे उभं राहणारं कुणीतरी आलं.

आता कवळी. ती एका बैठकीत होत नाही, आणि का होत नाही हे कळलं की हेलपाट्यांचा राग निम्मा होतो. पहिल्या दिवशी तपासणी आणि कच्चं माप. माप घेतात ते गरम पाण्यात मऊ केलेल्या लगद्यानं किंवा पाण्यात कालवलेल्या पुडीनं. जीव जरा घुसमटतो, पण नाकानं श्वास घेत राहिलं की निभतं. त्या मापातून प्लॅस्टरचा साचा होतो आणि साच्यावर तुझ्याच जबड्याच्या आकाराचा ट्रे. दुसऱ्या खेपेला त्या ट्रेच्या कडेनं हिरवी कांडी ज्योतीवर वितळवून लावतात आणि तुला ओठ ओढायला, गाल हलवायला, जीभ बाहेर काढायला सांगतात, म्हणजे कवळीची कड स्नायूंच्या आड येत नाही. नंतर पक्क्या मापाची पेस्ट भरतात. त्या पेस्टला घरच्या दातदुखीच्या औषधाचा वास येतो, कारण तिच्यात लवंगेच्या तेलातलंच द्रव्य असतं. तिसऱ्या खेपेला मेणाच्या कडा तोंडात ठेवून दोन जबड्यांमधलं अंतर ठरवतात. हे अंतर चुकलं तर बोलताना दात खटखटतात, नाही तर चेहरा चिपाड दिसतो. चौथी खेप ट्रायलची. दात लागलेले असतात पण मेणात. आरसा हातात देतात, ‘फ’, ‘स’ म्हणायला लावतात. शिकवायला आलेल्या बाई बघतात आणि पुष्कळदा म्हणतात, मधली रेष सरकली आहे, पुन्हा लाव. म्हणजे तुझा एक हेलपाटा वाढला. पण मेणात आहे तोवरच दात सरकतो. एकदा अ‍ॅक्रिलिकमध्ये कवळी शिजली की फक्त घासता येते. घाईच्या जागी यातले टप्पे एकमेकांत मिसळले जातात, आणि ते तिथं बोलून कुणी दाखवत नाही. कॉलेजात टप्पा गाळता येत नाही, कारण तो गाळला तर विद्यार्थ्याला मार्क मिळत नाहीत. पाचव्या खेपेला कवळी हातात मिळते. पुढच्या दिवसांत जिथं टोचेल तिथं घासून घ्यायला आणखी एक-दोनदा जावं लागतं.

खालची कवळी सैल वाटली तर मात्र लगेच कॉलेजवर खापर फोडू नकोस. वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार असतो, ती चिकटून राहते. खालच्या कवळीला अरुंद कड आणि मध्ये सतत हलणारी जीभ. कुणीही केली तरी ती अंगवळणी पडायला काही आठवडे जातात, आणि तोवर भाकरी कुस्करूनच खावी लागते.

पैशाचं थोडक्यात. सरकारी किंवा पालिकेच्या कॉलेजात खर्च नाममात्र असतो. बाहेर तो हजारांत जातो, आणि अपघाताचा भाग सोडला तर दातांचा खर्च मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही. पण तू पेन्शनवाली, त्यामुळे तुझ्यापुरता हा निर्णायक मुद्दा नाही, हे दादाला कबूल करून टाकते.

तुझ्या बाजूनं खरी भक्कम गोष्ट आहे ती कोट्याची. प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक कामं पूर्ण करून दाखवावी लागतात, इतके दात काढले, इतके भरले, इतक्या कवळ्या केल्या. पूर्ण बोळकं तोंड असलेला, पुन्हापुन्हा यायला तयार असलेला रुग्ण मिळणं कठीण असतं. पोरं त्यासाठी नातेवाइकांना गळ घालतात, कुणाकुणाचं भाडं नि केस पेपरचे पैसे स्वतः भरतात. दात नसलेल्या माणसाची इतकी आतुरतेनं वाट बघणारी दुसरी जागा या जगात नसावी! अर्धवट राहिलेली कवळी त्या मुलाच्या खात्यात धरली जात नाही, त्यामुळे तुझी कवळी पुरी व्हावी ही तुझ्याइतकीच त्याची गरज असते. सौदा चांगला आहे म्हणाले तो यामुळे. पण हाच कोटा दुसऱ्या कामात रुग्णाच्या मुळावर येतो. समज, तुला रूट कॅनाल करायचं असतं, तर मी इतक्या खात्रीनं लिहिलं नसतं. डेंटल कॉलेजात नऊ विभाग असतात, आणि माणसाचं एकच तोंड त्या नऊ दारांत वाटलं जातं. दाढेची नस एका विभागात साफ करतात, कॅप बहुतेक ठिकाणी दुसऱ्या विभागात बसते, हिरड्यांचं तिसरीकडे. नस काढली की दुखणं थांबतं, पहिल्या विद्यार्थ्याचं काम वहीत चढतं, आणि कॅप न बसवलेली दाढ काही महिन्यांनी सुपारी फोडताना उभी चिरते. दोष एकट्या कुणाचा नसतो. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलेलं असतं, पण सबंध दाढ कुणाच्याच यादीत नसते. भीती बाळगायची तर शिकाऊ हाताची नव्हे, या तुटणाऱ्या धाग्याची. विद्यार्थ्याचं त्या विभागातलं पोस्टिंग बदललं, परीक्षा आल्या, दिवाळीची सुट्टी लागली, की धागा तुटतो, आणि तो धरून ठेवायला एकच माणूस उरतो, ज्याच्या हातात केस पेपर आहे तो.

आणि इथं दादाच्या मुद्द्याहून जड असा एक मुद्दा आहे, जो त्यानं मांडला नाही. तू जाशील ती निवड करून. रांगेतल्या बहुतेकांना निवड नसते. ज्याच्यापुढे हाच एक दरवाजा आहे त्यानं संमतीपत्रावर अंगठा दिला तर त्याला संमती म्हणावं का? गरिबाच्या तोंडावर शिकून तयार झालेले हात पुढे ज्यांच्या सेवेला जातात त्यांत तो गरीब नसतोच. या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. शिकवणी बंद करणं हे उत्तर नाही, कारण मग त्याला तेवढीही दाढ काढून मिळणार नाही. पण एक गोष्ट बिनखर्चाची आहे आणि तीही पुष्कळदा होत नाही, ती म्हणजे सांगणं. खुर्चीभोवती चार विद्यार्थी उभे, तोंडात आरसा, आणि वर शिक्षक इंग्रजीत बोलताहेत. आडवा झालेल्या माणसाला फक्त आवाजाचा सूर कळतो, आणि सूर गंभीर लागला की तो घाबरतो. ‘ही केस उद्या बोलव’, यातली केस म्हणजे आपण, एवढं त्याला समजतं. काय करणार, किती खेपा, मध्येच सोडलं तर काय होईल, हे मराठीत पाच मिनिटं सांगायला ना यंत्र लागतं ना अनुदान. जिथं हे सांगतात तिथली माणसं पाच काय, सहा खेपा बिनतक्रार घालतात. सांगत नाहीत तिथली तिसऱ्या खेपेला गळतात, कारण रोजंदारी बुडवून कशासाठी यायचं ते त्यांना कुणी कळू दिलेलं नसतं. मग वहीत शेरा पडतो, ‘रुग्ण आला नाही’.

यावर तू म्हणशील, मी जाऊन त्यात काय फरक पडणार? फारसा नाही. उलट एक धोका आहे, सुशिक्षित रुग्ण दिसला की शिक्षक स्वतः पुढे येतात आणि मागचा बाकावरच राहतो. म्हणून ओळख काढून जाऊ नकोस. दादा कुणाला तरी फोन करायला बघेल, त्याला करू देऊ नकोस. रांगेत बस, नंबर आला की जा, आणि जे विचारायचं ते मोठ्यानं विचार, शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंच्या कानावर पडेल असं. तुझी शाळेतली सवय कामाला येईल. औजारांचं पाकीट माझ्यासमोर फोडा, हेही बिनदिक्कत म्हण, यात कुणाचा अपमान नाही.

डोंबिवलीहून तुला सीएसएमटीचं शासकीय कॉलेज सोयीचं, सेंट जॉर्जेसच्या आवारात आहे, स्टेशनातून चालत जाता येतं. नायरचं पालिकेचं कॉलेज मुंबई सेंट्रलला, म्हणजे दादरला गाडी बदलणं आलं, आणि तुझा गुडघा बघता तिथला जिना नको. सकाळी लवकर पोच, नव्या केस पेपरची रांग मोठी असते. पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याचं नाव, त्याचं वर्ष आणि त्याचं पोस्टिंग कधी संपतं ते विचारून वहीत लिहून घे, आणि परीक्षा तोंडावर असतील तर सरळ महिनाभर थांब. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेव. आणि तुझे स्वतःचे दात होते तेव्हाचा, हसतानाचा एखादा फोटो शोधून ने. ट्रायलच्या आधी दातांचा आकार आणि मांडणी ठरवतात तेव्हा त्यांना तो लागतो. पासपोर्टचा नको, त्यात तू ओठ मिटून बसलीयस.

तुझी
भाची