पिवळा कागद

दर्यापूरच्या एका बोळात, जुन्या घराच्या ओसरीवर, सायंकाळच्या वेळी एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांचा नातू संगणकापुढे बसलेले दिसत. त्या वृद्धांना घरीदारी सारे आबाजी म्हणत. त्यांचे आयुष्य छापखान्यात गेले होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवाव्यात, त्या चौकटीत आवळाव्यात, त्यांवरून शाईचा रूळ फिरावा आणि पायाने ट्रेडल दाबताच कोऱ्या कागदावर एखादी लग्नपत्रिका उमटावी, हा त्यांचा व्यवसाय. ते यंत्र केव्हाच भंगारात गेले. उजव्या हाताची बोटे मात्र अजूनही, बोलता बोलता, हवेतून काहीतरी वेचल्यासारखी हालत.

नातू सातवीत होता. २० डिसेंबर, म्हणजे गाडगेबाबांची पुण्यतिथी, जवळ आली होती आणि त्या निमित्ताने शाळेत प्रदर्शन भरायचे होते. बाबा याच मुलखातले. १८७६ साली शेंडगावास त्यांचा जन्म झाला आणि १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची, हा त्यांचा क्रम. नातवाच्या मनात आले की, बाबांच्या काळातले वाटावे असे कीर्तनाचे एक भित्तिपत्रक आपण करावे.

त्याच्या संगणकावर गिम्प नावाची आज्ञावली होती. ती १९९६ पासून जगात कोणालाही फुकट वापरता येते. तिच्यात चित्र थरांनी रचतात. खालच्या थरावर नातवाने जुन्या वहीच्या एका पिवळ्या पानाचे छायाचित्र ठेवले व वरच्या थरावर काळी अक्षरे. वरचा थर पांढराशुभ्र असल्याने खालचे पान दिसेना. तेव्हा त्याने दोन्ही थरांचा गुणाकार करण्याची आज्ञा दिली. पांढरा म्हणजे १ आणि काळा म्हणजे ०. पिवळट पानाचा उजळपणा ०.८ धरला, तर त्याला १ ने गुणून ०.८ च राहतो, अर्थात पान जसेच्या तसे दिसते. ० ने गुणले की उत्तर शून्य, म्हणजे अक्षर काळेभोर. पाढे पाठ करताना कंटाळणाऱ्या त्या मुलाला गुणाकाराचा हा उपयोग पाहून मोठे नवल वाटले. मग त्याने अक्षरांच्या कडा किंचित खडबडीत केल्या, लाल रंगाची चौकट जराशी सरकवली, चारी कडा काळवंडून टाकल्या आणि शेवटी १९३५ हे साल घातले.

आबाजींनी चष्मा पुसून ते चित्र बराच वेळ न्याहाळले.

“हा कागद इतकी वर्षं होता कुठं?” त्यांनी विचारले.

नातू गोंधळला. कागद कोठेच नव्हता. तो आत्ताच तयार झाला होता.

“तसं नाही रे बापू. भिंतीवर होता, का पेटीत? भिंतीवरचा कागद उन्हानं विटते, पेटीतला घडीवर फाटते. चारी बाजूंनी सारखा जळाल्यावानी कागद म्या तरी पाह्यला नाही.”

त्यांचे म्हणणे खरे होते. लाकडाच्या लगद्याच्या कागदात लिग्निन नावाचे द्रव्य राहते; हवा व प्रकाश लागून ते पिवळे पडते. म्हणून जेथे उजेड पोचतो तेथे पिवळेपणा अधिक. कापसाच्या चिंध्यांचा कागद त्यामानाने पुष्कळ काळ पांढरा राहतो. आणि कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात ही गोष्ट लेकरांना ठाऊक नसावी, हे जरा विचित्रच.

आबाजींचे बोट पुढे सरकले. “आन् हे पाह्य, सगळे ‘र’ एकाच जागी तुटले आहेत. काहून? मार एका खिळ्याले बसते. बाकीचे साबूत राह्यतात.”

नातवाने जुनाट दिसणारा टंक निवडला होता. त्यातला एकच मोडका ‘र’ पानावर नऊ वेळा आला होता. शिवाय पत्त्यात ‘महाराष्ट्र राज्य’ होते आणि सहा आकडी पिनही. १९३५ साली वऱ्हाड मध्यप्रांताशी जोडलेले होते. महाराष्ट्र राज्य झाले १९६० साली आणि पिन आला १९७२ साली. आबाजी पोटभर हसले. नातू मात्र ईर्ष्येस पेटला. चार दिवस खपून त्याने नऊ ‘र’ नऊ तऱ्हांचे केले, पत्ता सुधारला, कागदास घडी पाडली आणि घडीवर बारीकशी चीर दाखवली.

त्या दिवसांत आबाजीही रंगात आले. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग कसे छापले, १८९४ साली सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यात प्रत्येक रंगास वेगळा दगड कसा लागे, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः कशी रंगवीत, हे सारे त्यांनी सांगितले. दगड केसभर सरकला की देवीच्या ओठांचा रंग गालावर जाई, हे तर त्यांनी दोनदा सांगितले.

छापलेले पत्रक ओसरीवर ठेवले असता शेजारची म्हातारी ताक घेऊन आली. तिला वाचता येत नव्हते. नातवाने वाचून दाखवले: श्रीगाडगेबाबांचे कीर्तन, चंद्रभागेचा काठ, दर्यापूर. तिने हातातले भांडे खाली ठेवले आणि कागदास दोन्ही हात जोडले.

“माहा बाप सांगे, म्या बाबाचं कीर्तन आयकलं म्हणून. हेच असंल ते! देवाजवळ ठेवतो, मले दे.”

नातवाचा चेहरा प्रथम फुलला. जाणत्या माणसालाही ओळखू आले नाही, यापरता विजय कोणता? पण लगेच तो आबाजींकडे पाहू लागला. आबाजी काही बोलले नाहीत. तारीख त्यानेच मनाने घातली होती, जागाही. म्हातारीचे डोळे भरून आले होते, आणि तिच्या हातातला कागद जेमतेम एक दिवसाचा होता.

“आजी, हा खरा नाही. मी केला.”

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, “म्हणजे कीर्तन झालंच नव्हतं काय?”

या प्रश्नाची कल्पना मुलाला नव्हती. एका खोट्या कागदाने तिच्या बापाची खरी आठवणही डळमळली होती. तो घाईने म्हणाला, “झालं असंल, आजी. पण हा कागद त्याचा नाही. तुमचे बाबा काय सांगत, ते मला सांगा.”

ती बसली. गाव कोणते ते तिला आठवेना. बाप बैलगाडीने गेला होता, सकाळी बाबांबरोबर त्यानेही गाव झाडले होते आणि परतल्यावर कितीतरी दिवस तो आपले अंगण स्वतः झाडी, एवढे तिला पक्के ठाऊक होते.

नातवाने साल व जागा खोडून तेवढेच शब्द पत्रकात घातले. खाली, सहज वाचता येईल अशा अक्षरांत, ‘एका मुलीने आपल्या वडिलांकडून ऐकलेली हकिगत, दर्यापूर येथे संगणकावर तयार केले’ असे लिहून चालू साल दिले. म्हातारीने ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि ती कोठे आहे तेथे बोट ठेवून पाहिले. कागद मात्र पिवळाच ठेव, असे तिने बजावले.