सेवेतील स्वेच्छा

मंडळीच्या सभेत एखाद्या कामाची वाटणी चालली असता, किंवा घरी मुलाच्या नोकरीचा अथवा मुलीच्या लग्नाचा प्रश्न निघाला असता, ‘प्रभूची इच्छा असेल तसे होईल’ असे आपण ख्रिस्ती माणसे सहज म्हणून जातो. परंतु पुष्कळदा त्यापूर्वीच आपण मनात निर्णय करून चुकलेले असतो, आणि मग प्रार्थना म्हणजे तयार कागदावर वरिष्ठांच्या मंजुरीचा शिक्का घेण्याचा एक रिवाज होऊन बसते. द्रव्याची किंवा हुद्द्याची हाव निदान ओळखू तरी येते. पण माझी संस्था, माझी योजना, माझ्या हातून घडलेली सेवा, अशा रूपाने येणारी महत्त्वाकांक्षा ओळखणे महाकठीण, कारण ती प्रार्थनेला आपल्या शेजारीच गुडघे टेकून बसलेली असते.

या प्रश्नाचा विचार करताना माझे मन वारंवार पंडिता रमाबाईंकडे वळते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, १८८३ साली इंग्लंडात ज्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८८९ साली ज्यांनी मुंबईत शारदासदन उघडले, त्या बाईंनी केडगावची जमीन घेतली ती फळबागेसाठी. अमेरिकेतील साहाय्यक मंडळाच्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपल्यावर बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, हा त्यामागचा हिशेब होता, आणि त्यात स्वार्थाचा लवलेशही नव्हता. तथापि १८९६ चा दुष्काळ आला, रमाबाई मध्यप्रांतात गेल्या, आणि तेथील उपासमारीतून वाचवलेल्या मुलींचे तांडे त्यांच्यामागे येऊ लागले. सदन तोवर पुण्यास हलले होते; तेथे प्लेगच्या बंदोबस्तामुळे या मुलींना ठेवून घेणे अशक्य झाले, तेव्हा बागेसाठी राखलेली ती जमीनच त्यांचा आसरा झाली. उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणाकरिता योजलेल्या शारदासदनाच्या कार्याशेजारी, कोणत्याही जातीच्या निराधार मुलीला सामावून घेणारे ‘मुक्ती’ सदन असे उभे राहिले. दारात उभ्या राहिलेल्या माणसांकडे पाहून आपला आराखडा बदलण्याची तयारी, हीच मला देवाची इच्छा ओळखण्याची पहिली खूण वाटते.

विद्वत्तेचेही तसेच झाले. ज्यांच्या संस्कृतापुढे पंडितांनी मान तुकवली होती, त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक अभ्यासून पवित्र शास्त्राचे भाषांतर केले ते खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळेल अशा मराठीत. आणि मुक्तीतल्याच स्त्रियांनी छापखान्यात एकेक खिळा जुळवून ते छापले. बुद्धी देवाला अर्पण करणे म्हणजे ती गाडून टाकणे नव्हे, तर तिचे ऐश्वर्य कोणाच्या उपयोगी पडावे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या हाती देणे होय, हे या कामावरून मला कळते.

आणि तरीही सर्वांत कठीण परीक्षा पुढेच होती. मनोरमा ही त्यांची एकुलती एक कन्या, शिकलेली, समर्पित, आईच्या मागे हा सारा कारभार जिने सांभाळायचा ती, १९२१ साली आईच्या आधी गेली. देवाच्याच कार्यासाठी केलेली ही तजवीज अशी मोडल्यावर, ‘आता माझे काम संपले’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्या मातेला होता. पण भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही, ते तडीस नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. तो ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. छापून तयार झालेली प्रत हाती घेण्याचे समाधान त्यांच्या वाट्याला आले नाही.

गेथशेमाने बागेत प्रभूने आपली इच्छा पित्यापासून लपवली नाही. ती स्पष्ट बोलून दाखवली, आणि मग स्वाधीन केली. म्हणून इच्छाच नसणे हे ख्रिस्ती जीवनाचे लक्षण नव्हे. आपण उत्कटतेने इच्छावे, योजावे, झटावे; मात्र तेच काम उद्या दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच्या नावाने आणि आपल्या गैरहजेरीत सिद्धीस जाणार असेल, तर आपल्याला आनंद होईल काय, हा प्रश्न प्रत्येक प्रार्थनेपूर्वी स्वतःला विचारावा. त्याला मनापासून ‘होय’ म्हणता आले, तरच आपली सेवा देवाची. एरवी त्याच्या नावाने चाललेला तो आपलाच कारभार.