कोट काढून बसा

पंचवीस डिसेंबरला न्यू जर्सीत दुकानं बंद, रस्ते रिकामे, आणि आम्हा मराठी मंडळींपुढे सुट्टीचं करायचं काय हा प्रश्न. कुणी फ्लोरिडा गाठतं, कुणी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पत्त्यांचा डाव मांडतं. शेजारच्या बाई निवृत्त शिक्षिका, लुथरन. त्यांनी एकदा कुंपणावरूनच विचारलं, "तुमच्याकडे गाडी आहे आणि नाताळ तुमचा सण नाही. त्या दुपारी मोकळ्या आहात ना?" हा रोखठोक हिशेब मला आवडला.

घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांची एक यादी त्यांच्या चर्चच्या कचेरीत असते. आदल्या रात्रीची प्रार्थना आटोपली की वेदीपुढच्या लालभडक पॉइन्सेटियाच्या कुंड्या त्या घरी जातात. बहुतेक कुंड्या कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने दिलेल्या असतात. सोबत जेवणाचा डबा. यादीत प्रत्येक नावापुढे शेरा: दोनदा बेल वाजवा. साखर नको. कुत्रा भुंकतो, चावत नाही. आणि तळाशी सगळ्यांसाठी एकच सूचना, कोट काढून बसा. अंगात कोट दिसला की समोरचं माणूस ओळखतं, ही निघायच्या बेतात आहे. मग "छान चाललंय माझं" यापलीकडे गाडी जात नाही.

पहिल्याच घरी नव्वदीच्या आजी होत्या. त्यांनी कुंडीच्या सोनेरी कागदाची फाटकी बाजू भिंतीकडे वळवली, डबा उघडून बटाटे कोरडे झालेत असं स्पष्ट सांगितलं, आणि मग नवऱ्याबद्दल बोलायला लागल्या. तो बर्फ उपसायचं फावडं नेहमी चुकीच्या जागी ठेवायचा. ते फावडं अजून दाराआडच होतं. मी फक्त "हो का" म्हणत होते. तेवढं पुरलं.

असली कणव मनात आपोआप उमलते असं मी धरून चालले होते. इथे पाहिलं ते सगळं कारकुनी काम: याद्या, फोन, जोड्या, कुणाच्या गाडीत किती डबे. त्या कारकुनीबद्दल मला आता फार आदर आहे. २१ डिसेंबरच्या सुमाराला, वर्षातल्या सगळ्यात लांब रात्री, काही चर्चमध्ये 'ब्लू ख्रिसमस' नावाची प्रार्थना असते. ज्यांच्या घरी त्या वर्षी माणूस गेलं, त्यांनी यावं, मेणबत्ती लावावी. आनंदी दिसायची सक्ती नाही.

या देशाला अशा भेटींची गरज आहे. १९४० साली शंभरातली जेमतेम आठ घरं एकट्या माणसाची होती. २०२० च्या जनगणनेत ती २७.६ टक्के झाली. २०२३ मध्ये सर्जन जनरल विवेक मूर्तींनी एकाकीपणावर खास सूचनापत्र काढलं. माणसं तुटल्याने जिवाला होणारा धोका दिवसाला १५ सिगारेटी ओढण्याच्या जवळपास जातो, असं त्यात म्हटलं होतं.

यादीत एक आडनाव मराठी निघालं. ज्येष्ठांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे काका, पत्नी गेलेली, मुलगी टेक्ससला. दार उघडताच, "तुम्ही कुठल्या?"

"सांगलीची."

"मग चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही. बसा." कोट काढायची आठवण मला कुणी करून द्यावी लागली नाही.

त्यांचं नाव वरच्या मजल्यावरच्या बाईंनी परस्पर घातलं होतं. "मी चर्चवाल्यांना सांगितलं, मी हिंदू आहे, शाकाहारी आहे," काका म्हणाले. "पहिली गोष्ट त्यांनी ऐकून घेतली, दुसरी लिहून घेतली." डब्यावर खरंच 'मांस नको' अशी चिठ्ठी होती. आत मॅकरोनी-चीज आणि उकडलेल्या शेंगा.

मला रोझेल आठवलं, याच न्यू जर्सीतलं. गोपाळराव जोशींनी पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांना पत्र लिहिलं, तेव्हा उत्तर आलं की आधी ख्रिस्ती व्हा. तो पत्रव्यवहार छापून आला आणि रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. त्यांनी कसलीही अट न घालता आनंदीबाईंना पत्र लिहिलं, आणि १८८३ च्या जूनमध्ये अठरा वर्षांची ती मुलगी त्यांच्याच घरी उतरली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८६ त त्या डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या, शेवटपर्यंत हिंदू राहून. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्याच दफनभूमीत, पकिप्सीला आहेत. ख्रिस्ती माणसाची उत्तरं तेव्हाही दोन होती, आणि आम्ही बहुधा पहिलंच लक्षात ठेवतो.

आमच्या मराठी मंडळात दिवाळीला टेबलं विकली जातात, नाटकाची तिकिटं संपतात. एकट्या राहणाऱ्यांची यादी मात्र कुणाकडे नव्हती. मी विषय काढला. दोघीतिघींनी लगेच नावं सुचवली. एका गृहस्थांनी शंका काढली की माणसांना त्यात कमीपणा वाटला तर? शंका रास्त होती. मी काकांना फोन करून तीच विचारली.

"नाव घालताना विचारू नका, नाही म्हणतील," ते म्हणाले. "जेवायला काय हवं ते विचारा. आणि जमलं तर त्या चर्चवाल्यांना सांगा, चीजमध्ये थोडी मिरची घाला म्हणावं."