पेटी, पट्टी आणि फंडिंग

मांडवीच्या माणसाला धंद्याची अक्कल नाही, असं मुंबईचे लोक फार पूर्वीपासून म्हणत आले आहेत. आमचा त्याला विरोध नाही. संध्याकाळी जेटीच्या कठड्यावर बसून समोर भाट्याकडे बघत राहायला मिळत असताना माणसाने धंदा कशाला करावा, हा प्रश्न आम्हाला रोज पडतो आणि उत्तर सुचायच्या आत सूर्य बुडतो. मग घरी जेवायला जायचं. एवढ्या भांडवलावर आमच्या कैक पिढ्या निघाल्या.

अशा या गावात आमच्या पुतण्याने स्टार्टअप काढलं. स्टार्टअप तो, ती की ते, यावरच पहिल्या दिवशी घरात तीन मतं पडली. वहिनी म्हणाली, "जन्माला येईपर्यंत 'ते'च म्हणायचं. मागाहून बघू." पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून दिवाळीला घरी आलेला हा मुलगा तुळशीचं लग्न झालं तरी परत जाईना. पडवीत लॅपटॉप मांडून बसला. त्या दिवसापासून पडवीचं ऑफिस झालं, ओटीची मीटिंग रूम झाली, आणि झोपाळ्यावर बसून सुपारी कातरणारे दादा, म्हणजे त्याचे वडील आणि माझे थोरले बंधू, यांची त्यांना न विचारता 'मेंटॉर' या पदावर नेमणूक झाली. पगार नाही. सुपारी स्वतःची.

स्टार्टअपला म्हणे आधी एक दुखणं शोधावं लागतं. लोकांचं काय दुखतं ते हेरायचं आणि त्यावर ॲप काढायचं. पुतण्याला दुखणं शोधायला लांब जावं लागलं नाही. पावसच्या बाजूला आमची शंभरेक हापूसची कलमं आहेत. आता हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं नाव परदेशात गेलं, वगैरे सगळं खरं. पण बागायतदाराचा हापूसशी संबंध पेटी भरेपर्यंतच. ट्रक रात्री निघतो. पूर्वी क्रॉफर्ड मार्केटला जायचा, आता वाशीला जातो. काही दिवसांनी दलालाकडून पट्टी येते. तीत हमाली असते, तोलाई असते, भाडं असतं, आणि हे सगळं वजा जाऊन खाली एक आकडा असतो. दादा चष्मा लावून पट्टी वाचतात, चष्मा काढतात आणि गप्प बसतात. हा कार्यक्रम मी चाळीस वर्षं बघतो आहे.

तुम्ही म्हणाल, मग देता कशाला त्याला आंबे? याचं कारण असं की, हंगामाच्या कितीतरी आधी फवारणीला, राखणीला, गड्यांच्या मजुरीला पैसे लागतात, आणि ते त्याच दलालाने ॲडव्हान्स म्हणून दिलेले असतात. पैसे आधी घेतले, की भाव मागाहून विचारायचा नसतो.

"त्या दलालालाच मधून काढायचं," पुतण्या म्हणाला. "थेट गिऱ्हाईक. पेटी इथून निघाली, की ठाण्याच्या नाहीतर पुण्याच्या घरात."

"आणि फवारणीचे पैसे?" दादांनी विचारलं.

"फंडिंग आणायचं. गुंतवणूकदार पैसे देतो."

"म्हणजे ॲडव्हान्स."

"नाही हो बाबा! ते पैसे परत द्यायचे नसतात. त्याला फक्त कंपनीत हिस्सा द्यायचा."

दादांनी अडकित्ता खाली ठेवला. "म्हणजे दलाल बरा म्हणायचा. तो आंबेच मागतो. हा बाग मागतोय."

त्या रात्री पुतण्याने आमचं शिक्षण हाती घेतलं. या इंटरनेटच्या धंद्यात ज्या कंपनीची किंमत शंभर कोटी डॉलर धरली जाते, तिला युनिकॉर्न, म्हणजे एकशिंगी जनावर म्हणतात. हे बारसं 2013 साली एयलीन ली नावाच्या अमेरिकन गुंतवणूकदार बाईंनी केलं.

"दूध किती देतं?" वहिनीने विचारलं. तिने आयुष्यभर गुरं सांभाळली आहेत.

"बरीचशी अजून तोट्यातच आहेत. पण वाढतात भराभर."

"वैरण खाऊन वाढणारच," वहिनी म्हणाली आणि आत गेली.

तोटा करून वाढायची ही तऱ्हा काही आजची नाही. आपल्याकडे इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वांसाठी खुलं झालं आणि चार वर्षांत त्याची हवा अशी चढली, की नोव्हेंबर 1999 मध्ये राजेश जैन यांची 'इंडियावर्ल्ड' 499 कोटी रुपयांना विकली गेली. त्यांच्या संकेतस्थळांची नावं होती 'खोज', 'खेल', 'समाचार' आणि 'बावर्ची'. अमेरिकेत तर 'पेट्स डॉट कॉम' नावाची कंपनी कुत्र्यामांजरांचं खाणं घरपोच करीत असे. ती फेब्रुवारी 2000 मध्ये शेअर बाजारात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गुंडाळली. मांडवीच्या कुत्र्यांनी तिला कधीच उभं केलं नसतं. त्यांचं जेवण मिरकरवाड्याहून परस्पर येतं. मार्च 2000 नंतर फुगा फुटला. जैन यांच्यासारखे जे आधी विकून मोकळे झाले ते शहाणे ठरले.

मग स्वस्ताईचं काय? मुंबईत आज कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत दारात येते आणि सुरुवातीला वर सूटही मिळते, ती कोणाच्या खिशातून? याचं उत्तर मला आगबोटींच्या इतिहासात सापडलं. आगबोट हा मांडवीकरांचा जुना विषय. मुंबईची बोट इथे लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. बोट बंदराला लागायच्या आधी ती बऱ्याच जणांना लागलेली असायची. तर सांगायचं म्हणजे, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचे तमिळ अनुयायी व. उ. चिदंबरम पिळ्ळै यांनी 1906 साली तुतिकोरिनला स्वदेशी आगबोट कंपनी काढली. कोलंबोच्या त्या मार्गावर गोऱ्यांची कंपनी आधीपासून होती. तिने भाडं उतरवलं. यांनीही उतरवलं. शेवटी सांगतात, की गोरी कंपनी उतारूंना फुकट न्यायला तयार झाली आणि वर प्रत्येकाला एकेक छत्री! 1908 साली पिळ्ळै तुरुंगात गेले, 1911 साली स्वदेशी कंपनी मोडीत निघाली. प्रतिस्पर्धी बुडाल्यावर छत्र्या कोण वाटतो?

हे मी पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, याला आमच्यात कस्टमर ॲक्विझिशन म्हणतात." शब्द लांब आहे, छत्री तीच.

पहिला हंगाम त्याने कोणाचेही पैसे न घेता, स्वतःच्या शिलकीवर काढला. ॲप वगैरे झालंच नाही. व्हॉट्सॲपवर ओळखीच्या माणसांचा एक गट, त्यांच्या ओळखीच्यांचा दुसरा. एका बाईंनी पेटी आली तशी फ्रीजमध्ये ठेवली आणि 'आंबा पिकत नाही' म्हणून एकच तारा दिला. त्यांना आढीची महती फोनवर समजावताना दादा इतके रंगले, की बाईंनी पुढच्या वर्षाची पेटी तिथेच सांगितली. तारा मात्र एकच राहिला.

मग मुंबईहून एक गुंतवणूकदार आले. तरुण होते, नम्र होते, उकडीचे सात मोदक खाल्ले. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट जोरात होती, म्हणून पुतण्याने कागदपत्रांत दादांच्या नाकाचा उल्लेख 'पक्वता ओळखणारी स्वतंत्र प्रणाली' असा केला होता. पाहुणे खूश झाले. मग म्हणाले, "पण दरवर्षी तिप्पट वाढ दिसायला हवी."

"हापूस एक वर्षाआड धरतो," दादा म्हणाले.

"त्यावर काही उपाय?"

"आहे की. कल्टार घालायचं मुळात. दरवर्षी मोहोर येतो."

"मग प्रश्नच मिटला!"

"खत-पाणी त्या मानाने वाढवलं नाही, तर झाड खंगत जातं. नुसता मोहोर बघून बाग विकत घेणारे पुष्कळ भेटतात. झाड काय तुमच्या नोकरीत आहे काय, दरवर्षी बढती घ्यायला?"

पाहुणे हसले. पुतण्या हसला नाही. रात्री उशिरापर्यंत पडवीत दिवा होता. मलाही झोप नव्हती, कारण प्रश्न आंब्याचा नव्हता. आमच्या आळीत संध्याकाळी दिवा लागतो अशी घरं बोटांवर मोजण्याजोगी उरली आहेत. बाकीची गणपतीला उघडतात. पैसे घेतले नाहीत आणि धंदा बुडाला तर मुलगा पुण्याला जाणार. घेतले आणि वाढला तर कंपनीच मुंबईला जाणार, मागोमाग मुलगा. दोन्हीकडून कुलूप आमच्याच दाराला.

सकाळी त्याने पाहुण्यांना नम्रपणे नकार कळवला. पाचशे गिऱ्हाइकांपुढे जायचं नाही, असं ठरवलं. फवारणीसाठी निम्मे पैसे गिऱ्हाइकांकडूनच आगाऊ घेतले, भाव आधी सांगून. निम्म्या पेट्या अजून वाशीलाच जातात आणि त्यांच्या पट्ट्या वाचून दादा अजून गप्प बसतात. एकशिंगी जनावर दारात येण्याची चिन्हं नाहीत. फार तर शेळी म्हणा. पण घरापुरतं दूध देते.

कोकण मनीऑर्डरवर जगतं, असं लोक म्हणायचे. ते खरंच होतं. मुलगा गिरणीत जायचा आणि महिन्याच्या महिन्याला पोस्टमन त्याच्या कमाईतले थोडे पैसे आणून द्यायचा. एप्रिल-मेमध्ये आमच्या पडवीत आता फोन टिंगटिंग वाजत असतो. पैसे अजून मुंबईहूनच येतात. पण त्यासाठी तिकडे मुलगा पाठवावा लागत नाही, आंबा पाठवला की भागतं. वहिनीला तो आवाज इतका पाठ झाला आहे, की एखाद्या दुपारी वाजला नाही तर ती स्वयंपाकघरातून विचारते, "काय रे, ते झोपलं काय तुझं?"

जन्माला येऊन तीन हंगाम झाले, तरी ते अजून 'ते'च आहे.